नीच रवी आणि तालमीचं अध्यक्षपद

पत्र थोडक्यात: कोल्हापुरातले एक वाचक लिहितात. वय 42. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं वडिलांच्या वेळचं दुकान. घरातल्या तीन पिढ्या पेठेतल्या एकाच तालमीत वाढलेल्या. यंदा तालीम मंडळात दोन गट पडले आणि दोन्हीकडच्या जुन्या मंडळींनी अध्यक्षपदासाठी यांचंच नाव पुढं केलं. चुलते म्हणतात, "आता तू पुढं हो, आम्ही मागं हाय." आईनं मात्र पत्रिका दाखवून आणली. वृश्चिक लग्न, लग्नी म्हणजे पहिल्या घरात गुरू, बाराव्या घरात तूळ राशीत रवी-शनी एकत्र, चंद्र मीनेत, म्हणून साडेसातीची दुसरी अडीचकी चालू. ज्योतिषांनी सांगितलं, रवी नीच म्हणजे सगळ्यात दुबळ्या राशीत आहे, व्ययात म्हणजे बाराव्या घरात आहे, वर शनीच्या तावडीत आहे. लोकांत पडलास तर नाव खराब होईल. यांचे वडील मंडळाचे खजिनदार असताना त्यांच्यावर हिशेबाचा ठपका आला होता. पुढं तो खोटा ठरला, पण वडील पुन्हा तालमीची पायरी चढले नाहीत. वाचकांनी इंटरनेटवर पाश्चात्त्य ज्योतिषाचे व्हिडिओही पाहिलेत. त्यांत शनी म्हणजे समाज आणि हर्षल (युरेनस) म्हणजे स्वातंत्र्य असं सांगतात, त्यामुळं गोंधळ आणखी वाढलाय. आठवीतल्या मुलीच्या लग्नी हर्षल आहे, म्हणून 'ही कुणाचं ऐकायची नाही' असं घरात बोललं जातं. प्रश्न असा: "मी मुळातच माणसांत न रमणारा आहे का? पद घ्यावं, की ग्रह बघून गप्प बसावं?"

नमस्कार दादा,

आधी माझी बाजू सांगून टाकते. ग्रह आपल्या आयुष्यात काही घडवून आणतात असं मी मानत नाही. याची तपासणी आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे, आणि ती करणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर होते. 100 हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या 100 मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. 2009 साली हे सगळं 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

तरीही तुमची पत्रिका मी बाजूला सारणार नाही. आपल्याकडं शेकडो वर्षं माणसं 'मी आणि लोक' या विषयावर बोलायला ग्रहांचीच भाषा वापरत आली आहेत. तुमच्या आईंना जे वाटतं ते त्यांनी याच भाषेत सांगितलं. तर मग ही भाषा नीट, पुरती वाचूया. तुम्हाला त्यातलं एकच वाक्य ऐकवलं गेलंय.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहज्जातकात ग्रहांचा दरबार मांडलाय. रवी आणि चंद्र राजपदावर, मंगळ सेनापती, बुध राजकुमार, गुरू आणि शुक्र सचिव, शनी सेवक. यांत एकटा ग्रह एकही नाही. सेनापती म्हटलं की फौज आली, सचिव म्हटलं की सल्ला ऐकणारा आला, सेवक म्हटलं की ज्याची सेवा करायची तो आला. म्हणजे तुम्ही ज्याला 'माझा स्वभाव' म्हणताय, ते या जुन्या मांडणीत लोकांबरोबरचं नातं आहे. 'मी मुळातच असा' असं काही पत्रिकेत लिहिलेलंच नसतं. फार तर एवढंच म्हणता येतं, की लोकांशी माझं नातं कुठं ताणलेलं आहे आणि कुठं सैल.

आता तुमचे रवी-शनी. रवी मेषेत उच्चीचा आणि तुळेत नीच. शनी बरोबर उलटा, तुळेत उच्चीचा आणि मेषेत नीच. रवीचं घर सिंह, आणि त्याच्या समोरासमोर सातवी रास कुंभ, ती शनीची. पुराणात हे बापलेक, ज्योतिषात एकमेकांचे शत्रू. ज्यांनी हे बसवलं त्यांच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही, पण मला यात माणसाच्या जगण्यातला एक खरा पेच दिसतो. जिथं 'मी' ताठ उभा असतो तिथं लोकांचं काही चालत नाही, आणि जिथं लोकांचं माप लागतं तिथं 'मी'ला मान खाली घालून उभं राहावं लागतं. तूळ राशीचं चित्रच बघा, तराजू घेऊन बाजारात बसलेला माणूस. राजा त्या बाजारात आला की त्याचा मुकुट कुणी विचारत नाही, त्यालाही भाव विचारावा लागतो. रवी तुळेत नीच म्हणतात तो या अर्थानं घेतला, तर त्यात बेअब्रू कुठं आली? सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाची ती पहिली अटच आहे.

आपल्या गावात तर हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. 26 जुलै 1902 ला निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारे शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेत होते. त्या काळी दलिताच्या हातचा चहा सगळ्यांदेखत पिणं म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. राजानं सेवकाच्या दारात जायचं ठरवलं, त्यानं राजा लहान झाला नाही.

किरणोत्सवाचं तर तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि पुन्हा 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आता पंचांग काढून बघा, त्या दिवसांत रवी कुठल्या राशीत असतो. नोव्हेंबरात तुळेत, म्हणजे नीच. जानेवारीअखेर मकरेत, म्हणजे शनीच्या घरात. एप्रिल-मेमधला मेषेचा उच्चीचा रवी आपल्याला भाजून काढतो, पण मावळताना तो उत्तरेकडं सरकलेला असतो आणि गाभाऱ्यात त्याची तिरीपही जात नाही. यात गूढ काही नाही. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, आणि वर्षातून या दोनच वेळी सूर्य दक्षिणेला नेमका तेवढा कलून मावळतो. पण ज्योतिषाच्या भाषेत बोलायचं झालं तर ज्या रवीला तुम्ही हलका समजून बसलाय, देवीच्या मुखापर्यंत तोच पोचतो.

आणि त्याचं पोचणं एकट्या सूर्यावर अवलंबून नसतं. वाटेत कुणाच्या इमारतीचा वरचा मजला, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक आडवा आला की किरणं खालीच अडतात. तसं झालेलं आपण पाहिलंय. मग मोजणी होते, बैठका होतात, अडथळा कुणाचा आणि काढायचा कुणी यावर वाद होतात. उजेड आत यायचा तर बाहेरच्या चार घरांनी जागा द्यावी लागते. म्हणून 'माझा रवी बळकट आहे का' या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो: मी पुढं झालो तर वाटेतला आपला मजला कोण उतरवून घेणार आहे? तुमच्या दोन्ही गटांना हा प्रश्न विचारायला हवा. त्याकडं पुढं येते.

त्याआधी एक नाजूक गोष्ट, दुखलं तर माफ करा. ज्योतिषात रवी वडिलांचा कारक. ज्योतिषी म्हणाले 'रवी बिघडलाय, नाव खराब होईल', आणि मला वाटतं तुम्हाला वडील दिसले. खजिनदाराची वही काखेत घेऊन रोज तालमीत जाणारा माणूस, आणि पुढं तालमीवरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं घरी येणारा माणूस. हे लांबच्या रस्त्याचं तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय. तुमची भीती बाराव्या घरातून आलेली नाही, त्या रस्त्यावरून आली आहे. आणि ती अगदी रास्त आहे. प्रामाणिक माणसाला गावानं बोल लावला आणि खोटं ठरल्यावर कुणी चारचौघांत माफी मागितली नाही, हे पोरानं बघितलं असेल तर तो पदाला बिचकणारच. पण याला ग्रहांचं नाव दिलं की त्यावरचा इलाजही ग्रहांकडंच शोधला जातो: शांत करा, खडा घाला, साडेसाती संपेपर्यंत थांबा. खरा इलाज हिशेबाच्या पद्धतीत आहे.

साडेसातीबद्दल थोडंच सांगते. शनीला बारा राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत तो अडीच वर्षं असतो, आणि आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशींत तो असतो ती साडेसाती. म्हणजे कुठल्याही दिवशी बारातल्या तीन राशींची माणसं साडेसातीत असतात. सध्या कुंभ, मीन आणि मेष. तुमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत बारा जण असतील तर त्यांतले दोघं-तिघं तुमच्यासारखेच निघतील. त्या सगळ्यांनी अंग काढून घेतलं तर गावातलं पाव काम बंद पडेल. शनिवारी तेल वाहून आईंना बरं वाटत असेल तर जरूर वाहा. शनीच्या नीलम खड्यासाठी मात्र एक रुपयाचंही कर्ज काढू नका.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंतली वाटणी अशी आहे. रवी, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ हे व्यक्तीचे ग्रह. गुरू आणि शनी समाजाचे. आणि दुर्बिणीनं सापडलेले हर्षल (1781), नेपच्यून (1846) आणि प्लुटो (1930) हे पिढीचे. खगोलशास्त्रज्ञांनी 2006 साली प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं, पण ज्योतिषी त्याला अजून धरून आहेत. ही वाटणी मला विचार करायला उपयोगी वाटते, फक्त ती अर्धवट ऐकू नका. समाज म्हणजे नुसता शनी नव्हे, गुरूही. शनी म्हणजे समाज तुमच्याकडून जे मागतो ते: वेळ, शिस्त, जबाब. गुरू म्हणजे समाज तुम्हाला जे देतो ते: विश्वास, शिकवण, 'ये, बस' म्हणणारी माणसं. तुम्हाला शनीचं भय घातलं गेलं आणि लग्नी बसलेल्या गुरूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नीच रवीबरोबर त्याच राशीत उच्चीचा शनी असला तर नीचभंग होतो, म्हणजे रवीचा नीचपणा रद्द होतो, असं मानणारे ज्योतिषीही पुष्कळ आहेत, तेही राहिलं. दोन्हीकडचे लोक एका नावावर आले, हे तुमच्या पदरात पडलेलं गुरूचं दान आहे. ग्रह मानत नसाल तरी आहे.

आता व्ययस्थान. बारावं घर म्हणजे खर्च, नुकसान, एकांत, दवाखाना, तुरुंग आणि शेवटी मोक्ष. तुम्हाला यातला फक्त 'नाश' सांगितला. मला मात्र तुम्ही कंसात उरकून टाकलेली गोष्ट आठवली. 2019 च्या महापुरानंतर नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या आणि पेठेतल्या घरांच्या बुडालेल्या मोटरी तुमच्या दुकानासमोर रांगेनं पडल्या होत्या. अशी मोटर तशीच चालू केली की वायंडिंग जळतं. म्हणून एकेक खोलायची, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, बेअरिंग बदलायचं. ऑगस्टात ऊन नाही, तर आत मोठे बल्ब सोडून रात्रभर सुकवायची. सकाळी मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, आकडा आला तरच वार्निश, नाहीतर पुन्हा बल्ब. तुम्ही लिहिता की बेअरिंगचे तेवढे पैसे घेतले, मजुरी कुणाकडूनच घेतली नाही, आणि हे तालमीतल्या बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. दादा, व्यय म्हणजे खर्च होणं, आणि तुम्ही खर्च झालातच की. माणसांत न रमणारा माणूस रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या मोटरीत बल्ब सोडत बसत नाही. तुम्ही माणसांत रमता, फक्त माइकसमोर रमत नाही. मिरवणुकीत पुढं नाचणाऱ्यालाच आपण समाजाचा माणूस म्हणत आलोय, ही आपली सगळ्यांची चूक आहे, आणि तुम्ही तीच फूटपट्टी स्वतःला लावताय.

तर पद घ्यावं का? तीन वाटा दिसतात.

सरळ नाही म्हणायचं. तब्येत, धंदा, घर यांपैकी काही अडचणीत असेल तर बेलाशक म्हणा, फक्त कारण खरं सांगा. 'पत्रिकेत नाही' म्हणालात तर चुलते दोन वर्षांनी पुन्हा दारात येतील, आणि तुम्हालाही कायम वाटत राहील की आपण नशिबानं मागं राहिलो.

दुसरी वाट म्हणजे आहे तसं पद घेणं. ही मला धोक्याची वाटते. भांडणाऱ्या दोन गटांनी एका शांत माणसावर एकमत केलं की त्यात विश्वास असतो तसाच हिशेबही असतो: हा आपलं ऐकेल. दोघांनाही तसं वाटत असेल तर सहा महिन्यांत तुम्ही दोघांचेही वाईट व्हाल.

तिसरी वाट अटींवर घेण्याची, आणि माझा कौल तिला आहे. अटी खाजगीत नाही, सर्वसाधारण सभेत, लिहून, वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवा. मुदत एकच वर्ष. वर्गणी आणि देणग्या मंडळाच्या बँक खात्यातच, क्यूआर कोड मंडळाच्या नावाचा, कुणाच्या खाजगी मोबाइलचा नाही. पैसे काढायला दोन सह्या, दोन गटांतली एकेक. महिन्याचा जमाखर्च तालमीच्या भिंतीवर लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. गणपतीच्या वर्गणीची धर्मादाय कार्यालयाची परवानगी वेळेत, आणि वर्षाअखेर लेखापरीक्षण. भाषणं, पाहुणे, स्टेज हे उपाध्यक्षांकडं द्या, ज्याला हौस आहे त्याला करू द्या. आणि शेवटची अट जरा जड आहे, पण सोडू नका: वडिलांवरचा ठपका खोटा ठरला होता, हे त्याच सभेच्या इतिवृत्तात एका ठरावानं लिहिलं जावं. मंडळाला तुम्ही हवे असाल तर मंडळानं आपला एवढा मजला उतरवायला हवा. या अटी दोन्ही गटांना नको असतील तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. मग पद सोडा, आणि पुराच्या वेळच्या मदतीचं काम तेवढं मागून घ्या. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं निघाली की लोकांना तुमच्यासारखा माणूस लागतो, त्या वेळी अध्यक्ष कोण हे कुणी विचारत नाही.

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांनाही सांगते. कुणाला मंगळ सांगितलाय म्हणून ती लग्नसमारंभांत जायचं टाळते, कुणाला शनी सांगितलाय म्हणून तो भागीदारीत पडत नाही, कुणी सोसायटीच्या बैठकीतही तोंड उघडत नाही. पत्रिकेतल्या ज्या वाक्याची भीती वाटते, ते कागदावर लिहा आणि खाली लिहा, हे ऐकल्यावर मला कोण आठवलं. बहुतेक वेळा माणूसच आठवतो, ग्रह नाही. मग त्या माणसाबाबत, त्या प्रसंगाबाबत काय करता येईल ते बघता येतं.

आईंना पत्रिका खोटी आहे असं समजवायला जाऊ नका. नवरा खचताना त्यांनी पाहिलाय, आता मुलगा खचू नये एवढंच त्यांना हवंय. अटींचा कागद आधी त्यांना वाचून दाखवा. वडिलांच्या ठरावाचं वाक्य कसं असावं, ते त्यांनाच विचारा.

राहिली मुलगी. हर्षलला बारा राशी फिरायला 84 वर्षं लागतात, एका राशीत तो सात वर्षं मुक्काम करतो. तिच्या आठवीच्या वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलांचा हर्षल एकाच राशीत निघेल. ज्योतिषी म्हणतील, तिच्या तो लग्नी आहे, इतरांच्या नाही. असू दे. ती कुठल्या गोष्टीत ऐकत नाही ते एकदा नीट बघा. अभ्यासाला बस म्हटल्यावर ऐकत नाही, की खोटं बोल म्हटल्यावर? दोन्हींत फार फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारची मुलगी घरात असणं फार मोलाचं आहे. तिच्या देखत तिची पत्रिका वाचणं आजपासून बंद करा, आजीलाही सांगा. सभेच्या दिवशी तिला बरोबर घेऊन जा. भिंतीवर लावायच्या महिन्याच्या जमाखर्चाची बेरीज तिच्याकडून तपासून घ्या, आणि चूक दाखवली तर तिचं ऐका.